दरड पडते ती आतल्या पाण्यामुळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरड कोसळल्याची बातमी आली की त्यात दोन वाक्यं हमखास असतात, एक "मुसळधार पावसामुळे" आणि दुसरं "माती निसरडी झाल्याने". पहिलं अर्धवट आहे आणि दुसरं चक्क चुकीचं, म्हणून हे पत्र. माती तपासायच्या लॅबमध्ये बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे तो निसरडी शब्द दिसला की राहवत नाही, समजून घ्या.

पाणी मातीला वंगण घालत नाही हो. मातीचे कण एकमेकांवर दाबलेले असतात, त्या दाबामुळे घर्षण मिळतं आणि घर्षणामुळे उतार टिकतो. मधल्या पोकळ्यांत पाणी भरलं की वरच्या वजनाचा काही भार ते पाणीच उचलायला लागतं, त्याला पोअर प्रेशर म्हणतात, आणि जेवढा भार पाण्याने उचलला तेवढा कणांवरचा दाब कमी, तेवढं घर्षण कमी. कार्ल तेरझागी या इंजिनिअरने १९२०च्या दशकात हे मांडलं, आजही सगळा हिशेब त्यावरच चालतो. ढोबळ आकडे बघा, ३ मीटर खोलीवर भिजलेल्या मातीचं वजन चौरस मीटरला साधारण ६ टन, पाणी वरपर्यंत चढलं तर त्यातले ३ टन पाण्याने पेलले, म्हणजे घर्षण निम्म्यावर आलं. म्हणून जी वाळू कोरडी असताना ३५ अंशांत उभी राहते तीच पूर्ण भिजून आतून उताराच्या दिशेने पाणी झिरपायला लागलं तर २० अंशांतही टिकत नाही.

हे एकदा लक्षात आलं की "पाऊस थांबला, धोका टळला" हे वाक्यही लिहवणार नाही. पाणी खोलवर पोचायला वेळ घेतं. अमेरिकेत ओसो इथे २२ मार्च २०१४ ला डोंगर सुटला आणि ४३ माणसं गेली, त्या सकाळी ऊन होतं. पाऊस आधीच्या काही आठवड्यांत होऊन गेला होता.

आणि वेल्समधलं अॅबरफॅन तर विसरताच येत नाही. २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढीग घसरून शाळेवर आला, १४४ मृत्यू, त्यात ११६ मुलं. कोळसा बोर्डाचे अध्यक्ष म्हणाले, खाली झरे होते, ते कुणाला माहीत नव्हते. चौकशीत काय निघालं, तर झरे गावाला माहीत होते, नकाशावरसुद्धा होते, आणि ढीग त्यांच्यावरच रचला होता! तेव्हाही सगळं निसर्गावर ढकलायचाच प्रयत्न झाला होता.

दुसरी गोष्ट, सगळ्याच दरडी सारख्या नसतात. काही इंचाइंचाने सरकतात, घरं तडकतात पण माणसं बाहेर पडू शकतात. काही मात्र क्षणात दगड-माती-पाण्याचा लोंढा होऊन धावत सुटतात, तो डेब्रिस फ्लो. असं का होतं हे बघायला संशोधकांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात ९५ मीटर लांब, २ मीटर रुंद, ३१ अंश उताराची काँक्रीटची घसरगुंडीच बांधलीय, तिच्यात खरीखुरी माती भरून पाणी सोडतात. (मला एकदा ती बघायचीये, जमेल असं वाटत नाही.) २००० साली त्यांनी एक निकाल छापला तो मला फार आवडतो. माती सैल भरलेली असेल तर हलायला लागताच ती आकसते, आतलं पाणी दाबलं जातं, पोअर प्रेशर झटकन वाढतं आणि साधारण सेकंदाभरात सगळं धावायला लागतं. तीच माती जरा घट्ट भरलेली असेल तर हलताना फुगते, पाण्याचा दाब उलट कमी होतो आणि ती अडखळत, थांबत थांबत सरकते. फरक फक्त भरण्यातला! त्यामुळे उतारावर नुसता ओतून ठेवलेला, न दाबलेला भराव दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि बातमीत भरावाबद्दल कधीच एक ओळ नसते.

इशारा देताच येत नाही असंही नाही. सरकण्याचा वेग मोजत राहिलं तर बरंच आधी कळतं. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ गाव मे २०२३ मध्ये रिकामं केलं, १५ जूनच्या रात्री डोंगर आला आणि गावाच्या अलीकडे थांबला. लोक महिनाभर वैतागले होते, पण वाचले.

एक विनंती. दुर्घटनेनंतर तुमचे फोटोग्राफर संरक्षक भिंतीचा फोटो हमखास काढतात, पण ती किती जाड होती यापेक्षा तिच्या मागचं पाणी कुठून बाहेर पडत होतं ते वार्ताहराने विचारावं. भिंतीत वीप होल, म्हणजे पाण्यासाठी ठेवलेले पाइप असतात, मागे माती अडवणारा फिल्टर नसेल तर ते मातीने बुजतात आणि मग तीच भिंत पाणी अडवून धरते. भरपावसात सगळे पाइप कोरडे ठणठणीत असतील तर तोही फोटो छापा.

आपला,
मातीच्या लॅबमधला एक जुना वाचक