हार्ड डिस्क घेताना कंपनी नव्हे, मॉडेल क्रमांक विचारा

संपादक महोदय,

‘हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी?’ असे दुकानात विचारले की हमखास एक नाव पुढे केले जाते आणि गिऱ्हाईक निर्धास्त होते. मुळात फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटने घेतली, सॅमसंगचा हा व्यवसायही २०११ मध्ये तिच्याकडेच गेला. हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. खोक्यावर आणखी कुणाचे नाव असले, तरी आतली डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते.

तिघांचीही काही मॉडेल्स उत्तम आहेत, काही सुमार. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी लाखो डिस्क चालवते आणि २०१३ पासूनच्या बिघाडांच्या नोंदी मॉडेलनिहाय खुल्या करते. सीगेटचे ३ टीबीचे एसटी३०००डीएम००१ तिथे भराभर बंद पडले, तर सीगेटचेच ४ टीबीचे मॉडेल त्याच नोंदींत कितीतरी पटींनी टिकाऊ ठरले. मग ‘सीगेट वाईट’ म्हणायचे की ‘सीगेट चांगली’?

माहितीपत्रकातला ‘१० लाख तास’ हा आकडाही असाच फसवतो. डिस्क ११४ वर्षे टिकेल, असे तो सांगत नाही. हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर साधारण नऊ बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ.

खरा फरक पडतो तो डिस्कवर माहिती लिहिण्याच्या पद्धतीने. अशा पद्धती दोन : सीएमआर आणि एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात, तर एसएमआरमध्ये कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. मधले कौल बदलायचे तर आजूबाजूची हलवावी लागतात, तसे इथे जुन्या जागी नवे लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. अधूनमधून फोटो साठवायला ही डिस्क चालते. पण नॅस (नेटवर्कवरून अनेकांना वापरता येणारी डिस्कची पेटी) किंवा रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारी मांडणी) एक डिस्क बदलून नवी भरायला घेतली की एसएमआरचा वेग कोसळतो आणि कधी कधी यंत्रणा तिला बिघडलेली समजून बाहेर काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले. मॉडेल क्रमांक डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स सीएमआर, डब्ल्यूडी४०ईएफएएक्स एसएमआर. फरक एका अक्षराचा. त्यानंतर कंपनीने सीएमआरसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव काढले. सीगेटच्या ४ टीबी बाराकुडा एसटी४०००डीएम००४ मध्ये एसएमआर आहे, तिचीच नॅससाठीची आयर्नवुल्फ मालिका मात्र सीएमआर. स्टुडिओ आणि छोट्या कार्यालयांनी हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरा धोका वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकण्याचा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या एक्सॉस मालिकेतील (मोठ्या सर्व्हरसाठीच्या) अशा डिस्क सापडल्या. डिस्क आपल्या वापराची आणि प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तिच्यातले वापराचे तास पुसून शून्यावर आणलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते. ‘स्मार्टमॉनटूल्स’ या मोफत सॉफ्टवेअरच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत ती वाचता येते, आणि तास दोन्हीकडे जुळले पाहिजेत. पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष पाहा. पक्के बिल घ्या. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासा. संगणक कंपन्यांसाठीचा ओईएम माल असेल तर तिथे ती मिळत नाही. बाराकुडा किंवा वेस्टर्न डिजिटलच्या ब्लूला २ वर्षे, आयर्नवुल्फ व रेड प्लसला ३, एक्सॉस व रेड प्रोला ५ वर्षे वॉरंटी असते. तीही डिस्कची, आतल्या माहितीची नव्हे.

नवी डिस्क जोडल्यावर लगेच माहिती भरू नये. आधी स्मार्टची दीर्घ चाचणी लावावी. ४ टीबीला सात-आठ तास लागतात. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ५, १९७ आणि १९८ (तिथे ते 05, C5, C6 असे दिसतात) या खराब जागांच्या नोंदींचे मूळ आकडे पाहावेत. नव्या डिस्कवर ते शून्यच हवेत. नसतील तर बदलून मागावी. १९९ (तिथे C7) वाढत असेल तर बहुधा दोष केबलचा असतो, डिस्कचा नाही. आधी डिस्कला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी.

क्षमतेचा आकडा खोक्यावर ठळक छापणाऱ्या या कंपन्यांनी त्याच्या शेजारी सीएमआर की एसएमआर हेही छापावे, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी आणि ग्राहक संघटनांपर्यंत न्यावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे