पासष्ट नंबरचा गडी

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
१४ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

उद्या संक्रांत. आईच्या तिळाच्या वड्या वेळेत पोचल्या, पण निम्म्या काल रूममेटांनीच संपवल्या. काल इथं आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमची मिरवणूक होती. ना गुलाल, ना हलगी, वर थंडी इतकी की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागत होतं. तरी सगळं गाव स्टेट स्ट्रीटवर लोटलं होतं. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले, बाबा. सोमवारी ह्यूस्टनला फायनलमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ नं लोळवलं.

फोनवर तुम्ही म्हणालात, "हातात बॉल घेऊन पळतात, त्याला फुटबॉल म्हणायचं होय?" कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार! मीही पहिलं वर्षभर हेच म्हणत होतो. पण एवढंच लक्षात घ्या: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर बॉल समोरच्याला. बाकीचे नियम मलाही अजून शेजारच्याला विचारावे लागतात.

या वर्षी भानगडीही झाल्या. समोरच्या टीमच्या खेळी सांगणाऱ्या हातांच्या खुणा चोरल्याचं प्रकरण उपटलं आणि ऐन पेन स्टेटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कोच जिम हार्बॉवर तीन सामन्यांची बंदी आली. सीझनच्या सुरुवातीचे तीनही तो दुसऱ्याच एका प्रकरणात बाहेर होता. शेरॉन मूर या मदतनीस कोचनं तो सामना काढला. उत्तरार्धात जवळजवळ पास केलाच नाही, नुसतं ढकलत ढकलत २४-१५. जिंकल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं ढसाढसा रडला. खुणांचं प्रकरण मला पटलं नाही, हे तुम्हाला सांगतो. इथल्या मित्रांना सांगत नाही.

पुढच्या शनिवारी, १८ नोव्हेंबरला, मेरीलँडला हरवून मिशिगनचा हजारावा विजय झाला. हजार गाठणारी कॉलेजांतली ही पहिलीच टीम. आणि त्याच रात्री साडेतीनला उठून मी अहमदाबादची क्रिकेट वर्ल्डकपची फायनल लावली! पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

पण मला सांगायचंय ते २५ नोव्हेंबरचं. ओहायो स्टेट हा आमचा कट्टर वैरी, म्हणजे इथली मंगळवार पेठ समजा. आपल्या शिवाजी पेठेत पाटाकडील तालमीच्या टीमचं नाव काढल्यावर जे होतं, तेच इथं 'ओहायो' म्हटल्यावर होतं. स्टेडियमात लाखाच्या वर माणसं, विद्यार्थ्यांच्या भागात कुणी बसत नाही, चार तास बाकांवर उभं. तिसऱ्या क्वार्टरला १७-१७. आमचा झॅक झिंटर खाली पडला तो उठलाच नाही. पाय मोडला होता. हा गार्ड, नंबर ६५. त्याचं काम बॉल नेणाऱ्याला वाट करून द्यायचं, समोरच्या धटिंगणाला छातीनं थोपवायचं. बॉल त्याच्या हाती येतच नाही. सीझनभर मी त्याच्याकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

गाडीवर घालून त्याला नेलं. एवढं मोठं मैदान, पण शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. आणि लगेच पुढच्याच खेळीत ब्लेक कोरम बॉल घेऊन बावीस यार्ड सुसाट पळाला, थेट टचडाउन, म्हणजे आपला गोलच समजा! तिथं उभं राहून त्यानं बोटांनी आकडा दाखवला: सहा, पाच. माझ्या शेजारचा, ओळख ना पाळख, मिठी मारून रडत होता. मीही रडलो, पण झिंटरसाठी नव्हे बहुतेक. तुमचा गुडघा आठवला. तालमीच्या टीमला तुम्ही बॅक होता, गोल कधी मारलाच नाही, आणि गुडघा गेला त्या दिवशी कप मात्र पेठेत आला. लहानपणी ती गोष्ट सांगताना तुम्ही गोल मारणाऱ्याचंच नाव घ्यायचात. मला कंटाळा यायचा. परवा पहिल्यांदा वाटलं, त्या वेळी मैदानाबाहेर तुम्ही एकटे कुठं बसला होता ते विचारायला पाहिजे होतं.

३०-२४ नं जिंकलो. शेवटची पंचवीस सेकंदं राहिली असताना आमच्या पोरानं त्यांचा पास मधेच झेलला म्हणून, नाही तर गेलाच होता. नंतर एक जानेवारीला रोझ बोलच्या सेमीफायनलमध्ये अलाबामाला जादा वेळेत २७-२० हरवलं, तेव्हा ओरडून माझा घसा आठवडाभर बसला. आईला सांगू नका, ती काढ्याची पुडी पाठवेल.

मार्चमध्ये एक मित्र पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर निळा-पिवळा शर्ट पाठवतो, पाठीवर ६५. इथली मापं भलतीच मोठी असतात, तेव्हा छातीचं माप आईकडून घेऊन कळवा. आणि गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमचा,
बंड्या