व्हायलीवरचा आकडा

टिळकवाडी, बेळगाव
१४ जुलै २०२४

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

मागच्या गणपतीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला खरोखर लाज वाटते. आईचा गुडघा तसाच आहे, माझे पित्त औषधाने आटोक्यात आहे, प्रकृतीचे एवढेच. आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने.

शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास गिम्साने रंगवलेली स्लाइड तेलाच्या भिंगाखाली घेतली आणि तिसऱ्याच फील्डमध्ये कोर दिसली. चांगली भरलेली, दोन्ही टोके गोलसर, मधोमध रंगकणांचा तपकिरी पुंजका. आणखी चार मोजल्या, तेव्हा खात्री पटली. आपल्या जांबोटीच्या मलेरिया परजीवीच्या वाणात गॅमेटोसाइट, डासात जाणारी लैंगिक अवस्था! घरी येऊन सांगितले तर सगळ्यांनी आनंदाने ऐकून घेतले, पण त्या कोरीचा अर्थ तुझ्याशिवाय कोणाला कळणार? आणि दिगंबर, ती कोर आमच्या फ्लास्कमध्ये सतत वाढवत आलेल्या कल्चरमधली नाही. तू द्रव नायट्रोजनच्या कॅनच्या तळाशी गोठवून ठेवून गेलास, त्या कुपीतली, त्या व्हायलीतली आहे.

आता मुळापासून सांगतो. धारवाडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे पीएचडी करते आहे. एप्रिलमध्ये तिने मला सरळ विचारले, "सर, दोन वर्षांत मी या कल्चरमध्ये एकही गॅमेटोसाइट पाहिलेली नाही. हे बरोबर आहे का?" मी म्हणालो, या वाणाचा स्वभावच तसा आहे, आपल्या निबंधातही तेच लिहिले आहे. तिचे समाधान झाले नाही. परजीवीला लैंगिक अवस्थेकडे वळवणाऱ्या एपी२-जी जनुकाचा पूर्ण क्रम तिने काढायला घेतला. फाल्सिपेरमच्या, म्हणजे या परजीवीच्या, जनुकसंचात सुमारे ८० टक्के अक्षरे ए आणि टी असल्यामुळे डीएनएच्या प्रती काढणारा पीसीआर किती छळतो, हे तुला सांगायला नको. आपण प्रत वाढवण्याची ७२ अंशांची पायरी ६० वर आणली होती, तीच युक्ती तिने वापरली. क्रम हाती आला तेव्हा जनुकाच्या मध्यावरच थांबण्याचा संकेत निघाला. प्रथिन अर्धवटच तयार होत होते.

आता २०२२ चा आमचा निबंध आठव. माध्यमातील लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हा स्निग्ध घटक कमी केला की परजीवी लैंगिक अवस्थेकडे अधिक संख्येने वळतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले होते. आमच्या वाणात तसे घडले नाही, एपी२-जीची अभिव्यक्ती तळालाच राहिली, म्हणून आम्ही लिहिले की खानापूरच्या जंगलपट्टीतील हा परजीवी निराळा वागतो. एपी२-जी हे प्रथिन स्वतःच्याच जनुकासमोर बसून स्वतःचे उत्पादन वाढवते, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून शिकवतो. प्रथिनच मोडके असेल तर ती वाढ होणार कुठून? आम्ही ज्याला वाणाचा स्वभाव म्हटले, ते फ्लास्कमध्ये जडलेले व्यंग होते. फ्लास्कमध्ये डास नसतो. तेथे गॅमेटोसाइट झालेला परजीवी पुढे वाढत नाही, आणि जो कधीच त्या वाटेला जात नाही, त्याची संख्या दर ४८ तासांनी इतरांपेक्षा थोडी जास्त होत राहते. महिनोन्महिने वाढवलेल्या कल्चरमध्ये असे होते, हे २०१४ पासून छापील आहे. मी ते वाचले होते. आपल्या कल्चरला लावून पाहिले नाही.

तू मात्र २०१९ मध्येच बजावले होतेस, आणि त्यावरून आपण केवढे भांडलो! तो ऑगस्टमधला पूर, महामार्ग बंद, कल्चरला लागणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या गॅसचा सिलिंडर अडकलेला, वीज येते-जाते. तू कपाटातली जुनी काचेची बरणी काढलीस, आत फ्लास्क ठेवून मेणबत्ती लावलीस आणि ज्योत विझायच्या बेताला आली की तोटी फिरवून बरणी बंद केलीस. ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये याच पद्धतीने फाल्सिपेरम अखंड वाढवला, तर आपल्याला चार दिवस का जमणार नाही, असे म्हणत तू त्या अंधारात हसत होतास. ते चार दिवस सरले आणि माझे ४८ तासांचे नमुने सुरू झाले. बाराव्या तासाला तू अर्धा फ्लास्क उचललास, कारण रिंग या कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेतलेच परजीवी गोठवून टिकतात. माझ्या आलेखात बारा तासांवर भोक पडले ते कायमचे. मी तुला चोर म्हणालो. तू म्हणालास, "एक दिवस या व्हायलीसाठी तू माझ्या पाया पडशील, नाहीतर मी तुला दोन किलो कुंदा देईन." कुंदा तुझ्याकडून येणार नाही, हे आता नक्की झाले. मी पाया पडायलाच येतो आहे.

जूनच्या सुरुवातीला तुझी व्हायल उघडली. १२ टक्क्यांचे मिठाचे पाणी थेंबाथेंबाने सोडताना माझा हात इतका कापत होता की शेवटी त्या मुलीने पिपेट घेतले. दहा दिवस काही दिसले नाही. अकराव्या दिवशी दोन रिंगा दिसल्या. त्यानंतर कोर दिसेपर्यंतच्या चार आठवड्यांत मी एकही रात्र नीट झोपलो नाही.

सरांना काल सगळे सांगितले. त्यांचे मत असे की प्रयोग पुन्हा करावेत आणि मगच बोलावे. मला ते पटत नाही. निबंध छापलेला आहे, कोणी तरी त्यावर पुढचे काम रचत असेल; त्यांना वर्षभर अंधारात ठेवण्याचा मला अधिकार नाही. संपादकांना लिहिलेले पत्र तयार आहे. काळजी आहे ती त्या मुलीची. तिच्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण याच कल्चरवर उभे आहे आणि ऑक्टोबरमध्ये प्रबंध द्यायचा आहे. चूक तिने शोधली आणि भुर्दंडही तिलाच, या विचाराने जेवण गोड लागत नाही. मुदतवाढ मागायची तर ती माझ्या सहीने आणि माझी चूक असे लिहून मागायची, एवढे मी ठरवले आहे. तू असतास तर याहून चांगली वाट सुचवली असतीस.

पण संपादकांचे पत्र एका आकड्यावर अडले आहे. व्हायलीवर तुझ्या अक्षरात "जांबोटी" आहे आणि पुढचा आठवड्याचा आकडा पुसट झाला आहे. तो ७ आहे की १? पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या रक्तातून थेट दोन व्हायली गोठवल्याचे मला आठवते आणि सातव्या आठवड्यातली असेल तर ही पुरातली. सात असेल तर पुरापर्यंत वाण धड होता आणि आपले ४८ तासांचे नमुने शाबूत आहेत. एक असेल तर ते कामही संशयात आले, आणि त्यावर तुझे नाव पहिले आहे. रजिस्टरमध्ये त्या आठवड्याची नोंद नाही. तुझ्या निळ्या वहीत असणारच. ती तुझ्या लोखंडी ट्रंकेत आहे, असे वहिनी एकदा म्हणाल्या होत्या.

भाताची लावणी आटोपली का? छोटीला अकरावीला विज्ञान मिळाले हे कळले, तिचे मनापासून अभिनंदन. शाळेतली नवी जबाबदारी कशी चालली आहे, तेही सविस्तर कळव. आबांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळच्या पहिल्या बसने मी खानापूरला येतो. ट्रंक उघडून ठेव. वही उंदरांनी खाल्ली असेल तरी उरलेली पाने टाकू नकोस.

तुझा,
सुधाकर