फाशी असू द्या, पण सक्तीची नको

महोदय,

एखाद्या निर्घृण खुनाची बातमी आली की ‘अशा गुन्ह्याला फाशीच, दुसरी शिक्षाच ठेवू नका’ अशी पत्रे या सदरात हमखास येतात. संताप समजू शकतो. पण कायद्यात फाशीचा पर्याय असणे वेगळे आणि फाशीखेरीज पर्यायच नसणे वेगळे. तसा कायदा आपल्याकडे एकशेवीस वर्षे होता. १९८३ मध्ये तो रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे प्रमुख आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते.

भारतीय दंड संहितेचे ते कलम ३०३. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला की फाशी, बस्स! तुरुंगातल्या शिपायांना संरक्षण मिळावे, असा त्यामागे इंग्रजांचा विचार. पण जन्मठेप बनावट दस्तऐवजासाठीही होऊ शकते. असा कैदी पॅरोलवर घरी आला, बांधावरच्या भांडणात डोके फिरले आणि त्याच्या हातून खून झाला, तर त्याला फाशी अटळ. सुपारी घेऊन थंड डोक्याने पहिला खून पाडणाऱ्याला मात्र जन्मठेपेची वाट मोकळी! १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे आणि फाशी द्यायची तर विशेष कारणे नोंदवणे बंधनकारक केले होते. शिक्षा आधीच ठरलेली असेल तर ऐकायचे काय आणि कारणे कसली लिहायची? घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) पुढे हे कलम टिकले नाही ते यामुळेच.

पुढे २०११ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थविरोधी कायद्यातली फाशीची सक्ती काढली. ठरावीक प्रमाणातला माल, उदाहरणार्थ २० किलो चरस, घेऊन दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला त्यात फाशीच होती. न्यायालयाने फाशी ठेवली, निवड न्यायाधीशाकडे दिली. संसदेनेही २०१४ मध्ये कायदा तसा बदलला. दरम्यान २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्यातले कलम २७(३) रद्द केले. प्रतिबंधित शस्त्राच्या वापरात कोणी मेले की फाशी. मारण्याचा हेतू होता का, हे विचारायची सोयच त्यात नव्हती. मलेशियानेही २०२३ मध्ये सक्तीची फाशी मोडीत काढली. शेजारच्या सिंगापूरमध्ये मात्र १५ ग्रॅमहून अधिक हेरॉइनच्या तस्करीला आजही, मोजके अपवाद सोडले तर, फाशीच आहे.

एवढे होऊनही आपल्याकडे एक तरतूद पुस्तकात उरलीच आहे, तीही ॲट्रॉसिटी कायद्यात. कलम ३(२)(१) नुसार खोटा पुरावा रचून अनुसूचित जाती-जमातीच्या निरपराध व्यक्तीला फासावर पोहोचवणाऱ्यास फक्त फाशी. हा गुन्हा नीचच आहे आणि कायदा कडकच हवा, याबद्दल दुमत नाही. पण खोटी साक्ष शिजवणारा गावचा पुढारी आणि त्याच्या दहशतीने उभा राहिलेला सालगडी, दोघांना एकच दोर? शिवाय दुसरी शिक्षाच नसली की धास्तावलेला न्यायाधीश संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडून देण्याचा धोका असतो. मग पीडित कुटुंबाच्या हाती काहीच पडत नाही.

जुन्या ३०३ च्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ मध्ये ‘फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप’ असा पर्याय आहे. हीच दुरुस्ती ॲट्रॉसिटी कायद्यातही करावी. राज्यातल्या खासदारांनी, त्यातही राखीव मतदारसंघांतून निवडून आलेल्यांनी, ही मागणी आपणहून मांडली तर कायदा सौम्य केल्याचा आरोपही कोणाला करता येणार नाही.

आपला,
एक वाचक, सांगली