त्या गोळ्या झोपेच्या नाहीत

नाशिक
जुलै 2021

तीर्थरूप आई आणि नाना,

साष्टांग नमस्कार. (मायना बरोबर आहे ना, आई? नाहीतर लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवशील.)

माझ्या पर्समध्ये जी पट्टी सापडली, त्या गोळ्या झोपेच्या नाहीत. नानांनी फोनवर विचारलं तेव्हा ओवी तिथेच लुडबुडत होती, म्हणून मी विषय बदलला. तसंही फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच रडायला लागली असतीस आणि नाना "बरं बरं, ठेव आता" म्हणाले असते.

गोळीचं नाव एस्सिटॅलोप्रॅम. मनातली सततची धास्ती कमी करणारं औषध आहे. त्याची नशा चढत नाही, फक्त आपल्या मनाने एकदम बंद करायचं नसतं. गुण यायला काही आठवडे जातात. मला तो आलाय. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते, नियमित जाते, आणि काम चालू आहे.

आता हे झालं कशामुळे ते सांगते. आई, तुला अजूनही वाटतं की भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशनआधी इंजेक्शन देऊन बाजूला बसणारी बाई. कोविडमध्ये आम्हाला थेट अतिदक्षता विभागात ओढलं. पेशंटला श्वास पुरेनासा झाला की श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं, आणि ते काम आमचं. त्याचं तोंड आणि माझं तोंड यांत जेमतेम हातभर अंतर. गॉगलवर वाफ धरलेली, घाम डोळ्यांत उतरतोय आणि पुसायची सोय नाही. आमच्या मॉनिटरची एक गंमत आहे. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो टिंग करतो, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला की त्या टिंगचा सूरही उतरत जातो. स्क्रीनकडे न बघता नुसत्या कानाने पेशंट ओळखायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेलं असतं. गेल्या वर्षी तो उतरता सूर मला घरी ऐकू यायला लागला. कुकरच्या शिट्टीत, शेजारच्या गेटच्या कुरकुरीत, कशातही.

ड्यूटी संपल्यावर पीपीई किट, म्हणजे अंगभरचा संरक्षक पोशाख, काढणं तर घालण्यापेक्षा अवघड. नाना, तुम्ही द्राक्षांवर डावणी रोगाची फवारणी करून आलात की आई तुम्हाला ओट्यावर पाऊल ठेवू द्यायची नाही. कपडे हौदाजवळ, अंघोळ तिथेच, मग घर. आमचंही तसंच. आधी काय काढायचं, मग काय, दर टप्प्याला हात निर्जंतुक करायचे, आणि एन-95 सगळ्यात शेवटी. लागण व्हायची खरी भीती तिथेच, कारण माणूस तोवर थकलेला असतो. फरक एवढाच, की तुमचं औषध वासाने कळायचं. इथे काहीच दिसत नाही. घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच: डाव्या हाताचा मोजा काढताना मनगटाला लागला का?

मार्च 2020च्या अखेरीस जिल्ह्यातला पहिला रुग्ण तुमच्या पिंपळगावाजवळ, लासलगावला सापडला. ओवी तेव्हा तुमच्याकडेच होती. मला कळेना की तिला तिथे ठेवू की इथे माझ्याजवळ आणू. शेवटी माझ्यापेक्षा लासलगाव बरं, असं ठरवलं! मी वरच्या खोलीत, ताट दारात, ते सगळं तुम्हाला माहीत आहे.

माहीत नसलेलं सांगते. तू डब्याबरोबर हिंगाची छोटी डबी दिली होतीस ना? सकाळी उठल्याबरोबर मी तिचा वास घ्यायची. वास येतोय म्हणजे आजचा दिवस सुटला. आधी सकाळी एकदा. मग दुपारीही. मग रात्री उठून, दिवा न लावता, डबी चाचपडत. बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपायची. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, सांगितलं म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही मलेरियावरची गोळीही आठवड्याला घेतली. तिचा लागण टाळायला उपयोग नाही हे पुढे स्पष्ट झालं, पण त्या वेळी हातात काहीतरी आहे एवढाच आधार. 16 जानेवारीपासून आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं, माझे दोन्ही डोस झाले, आणि तरी डबी काही सुटेना. तेव्हा मला कळायला हवं ते कळलं: ही आता विषाणूची भीती राहिलेली नाही.

मग एप्रिल आला. त्याबद्दल फार लिहित नाही. रेमडेसिव्हिर इंजेक्शन वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं, तरी लोक चिठ्ठी घेऊन रात्र-रात्र रांगेत उभे होते, आणि मिळालं नाही की राग आमच्यावर. 21 तारखेला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. त्या दिवशीचा मृतांचा आकडा 22 होता. आमच्याकडे त्या दुपारी डबे उघडलेच गेले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस मी ड्यूटीवर गेले की आधी ऑक्सिजनचा गेज बघायची आणि मग पेशंट. एक ज्युनिअर पोरगी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकून रडत होती, तर सीनिअर म्हणाले, "ड्यूटी झाल्यावर रड." वाईट नाहीत ते. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलेलं.

आमच्यात हीच अडचण आहे. मधुमेह झाला तर आम्ही बिनदिक्कत सहकाऱ्याला रिपोर्ट दाखवतो. मनाचं काही झालं की दुसऱ्या गावचा डॉक्टर शोधतो, तोही व्हिडिओ कॉलवर, गाडीत बसून. पेशंटला कळलं तर? भूल द्यायला मला बोलवायचे बंद झाले तर? मीही महिनाभर याच चक्रात होते. नाना, तुम्हाला चारचौघांत कळण्याची काळजी आहे. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि विम्यासाठी मनाचा आजार शरीराच्या आजाराइतकाच धरायला सांगितलंय. म्हणजे सरकारला पटलंय. आता पिंपळगावातल्या आपल्या गल्लीला पटायचं राहिलंय.

आई, तू फोनवर म्हणालीस, "सावित्रीबाई घाबरल्या का?" दर 3 जानेवारीला तुझ्या शाळेत ते भाषण मी ऐकलंय, पाठ आहे मला. पण 1897च्या प्लेगमध्ये पुण्यात दवाखाना चालवत होते ते त्यांचे चिरंजीव, डॉक्टर यशवंतराव. दुसऱ्याच एका आजारी मुलाला उचलून आणताना लागण झाली ती आईला, आणि 10 मार्चला त्या गेल्या. डॉक्टर मुलगा होता, गेली आई. तुझ्या भाषणात यशवंत एका ओळीत संपतो. मला मात्र वर्षभर तोच आठवत होता. त्याने त्यानंतर दुसऱ्या दिवशी दवाखाना कसा उघडला असेल, याबद्दल कुणीच काही सांगत नाही. मी मरायला भीत होते असं तुम्हाला वाटतं. मी भीत होते ते तुमच्या ओट्यावर पाऊल ठेवायला.

म्हणून तेव्हा फाटकाबाहेरून बोलायची, आणि ओवी पळत आली की मागे सरायची. "एवढी कशी कठोर झालीस," असं तू म्हणाली होतीस. या खेपेला तिला कुशीत घेऊन झोपले, ते पाहिलंस ना? हिंगाची डबी आता स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्याशेजारी आहे.

वणीच्या गडावर नवस बोललीस म्हणे. फेड, मी गाडीने घेऊन जाईन, मलाही जायचंय. फक्त गोळ्या बंद करण्याचा नवस नको. त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील, देवी मध्ये पडणार नाही.

नानांचा दुसरा डोस 84 दिवसांनंतरच मिळेल, उगाच रोज केंद्रावर चकरा मारू देऊ नकोस. मी रविवारी येते, ओवीची पुस्तकं घेऊन. आणि काकूने पट्टी पाहिली आहे, ती विचारणारच. खरं सांगितलंस तर मला काही वाटणार नाही. नसेल सांगायचं तर नको सांगूस. पण थायरॉइडच्या गोळ्या आहेत असं मात्र नको. ती लगेच मला आपल्या डॉक्टरकडे घेऊन जाईल.

तुमची,
मनू