बीळ दिसले की त्याच ओहोटीला: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यावरण व हवामान बदल मंत्री,
गोवा राज्य, पणजी

महोदय,

बार्देशात, शापोरा नदीच्या काठावर आमचे खाजन शेत आहे, म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. कूळ म्हणून आजोबांनी ते कसले, मग बाबांनी, आता मी. त्याच्या बांधाला कुर्ल्या बिळे पाडतात. अंगठा जाईल एवढेच बीळ, आणि भरतीला त्यातून पाणी झिरपते, नितळ, आवाज न करता. पाणी गढूळ येऊ लागले की समजायचे, आतली माती सुटली. आजोबा बीळ दिसले की त्याच ओहोटीला चिखलात उतरत आणि गवत-चिखल ठासून ते बुजवत. गढूळ पाण्याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही.

मी बरीच वर्षे शाळेत भूगोल शिकवला. तापमानवाढीचा धडा घेताना मला दर वेळी तो बांध आठवे.

१८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही तिने फार वेळ घेतला. हवेत हा वायू जास्त झाला तर पृथ्वी तापेल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी कोळशाच्या धुराचा आणि तापमानाचा हिशेब हाताने मांडला. १९३८ मध्ये इंग्लंडच्या कॅलेंडर यांनी जगभरच्या नोंदी जमवून दाखवले की तापमान वाढायला लागलेच आहे. या दोघांना ही ऊब माणसाच्या भल्याची वाटली होती, हेही सांगितले पाहिजे. तोपर्यंत पाणी नितळच होते.

१९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला हा वायू मोजायला घेतला. दहा लाख भागांत तेव्हा सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात या धोक्याबद्दल त्यांच्याच शास्त्रज्ञांचा अहवाल पडला. १९७९ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने सांगितले की हा वायू दुप्पट झाला तर तापमान सुमारे ३ अंशांनी वाढेल. त्या अहवालाच्या प्रस्तावनेत एक इशारा आहे: थांबून पाहण्याचे धोरण म्हणजे वेळ निघून जाईपर्यंत थांबणे ठरू शकते.

आणि जग थांबलेच. १९८८ च्या जूनमध्ये नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली की तापमानवाढ सुरू झाली आहे. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या नूर्डवाइक गावी मंत्री जमले, धुरावर बंधनकारक मर्यादा घालायला. मसुदा तयार होता. अमेरिका, ब्रिटन, जपान आणि सोव्हिएत संघाने आकडा आणि तारीख नको म्हटले, आणि आकडा व तारीख नसलेला ठराव घेऊन सगळे घरी गेले. या इतिहासातला मला सर्वांत जास्त छळणारा दिवस तोच. शास्त्र कमी पडले नव्हते. सही करायच्या टेबलावर हात आखडले.

आपण म्हणाल, यात गोव्याचा काय दोष? खरेच आहे, तो धूर मुख्यतः आमचा नाही. पण पाणी आमच्या बांधाला लागते. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. १९७१ पर्यंत ती वर्षाला १.३ मिलिमीटरने चढत होती. २००६ नंतर ३.७ ने. बाबा सांगत, उधाणाच्या रेषेवर बांध हातभर उंच ठेवायचा. हातात दोन विती असतात, आणि २० सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ वीतच.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. दुपारी मी बांधावर गेले तेव्हा मानशीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) उजवीकडे भगदाड पडले होते, दोन गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढे. मानशीचे लाकडी दार तसेच उभे होते आणि पाणी त्याच्या बाजूने आत-बाहेर करत होते. (त्याआधीच्या काही वर्षांत मानशीची पावणी (तिथल्या मासेमारीचा लिलाव) घेणारे जास्त मासळीसाठी भरतीलाच दार उघडे ठेवत, पाया तेव्हापासून पोखरला होता. आम्ही तक्रारी केल्या होत्या.) मी अर्ज दिला. तो एका कचेरीतून दुसरीत गेला, पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, पावसाळा आला. त्या वर्षी कोरगुट (खाऱ्या जमिनीत येणारा भात) पेरता आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. आता आमच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) कमरेएवढी खारफुटी उभी आहे. ती तोडता येत नाही, आणि मला तोडायचीही नाही. बांधाच्या बाहेर तीच लाटा अडवते. पण जिथे भात होते तिथे ती उगवली, कारण बीळ वेळेवर बुजवले गेले नाही.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा उल्लेख आहे: खाजनांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा, तिथे बांधकामे होऊ देऊ नका. आमच्या गावाचा आराखडा मी मागितला. मला तो कुणी दाखवू शकले नाही. उलट शेजारच्या गावात खाजनात मातीचे ट्रक रिकामे होताना मी स्वतः पाहिले आहेत.

महोदय, मला जागतिक परिषदेतले भाषण नको. प्रत्येक खाजनाचा बांध आणि मानस मोजून घ्या: उंची किती, उधाणाला किती शिल्लक राहते, बिळे कुठे आहेत. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हे काम जाणणारी माणसे हाताशी आहेत. ती यादी पंचायतीच्या फलकावर लावा. दुरुस्तीचे पैसे आणि अधिकार एकाच कचेरीकडे द्या, आणि काम मृगाआधी पुरे करण्याची तारीख घाला. मानशीची पावणी देताना भरतीला दार बंद राहील ही अट घाला, आणि ती मोडली तर पावणी रद्द करा. खाजनात भराव टाकणाऱ्या प्रत्येक प्रकरणात आपल्या खात्याने स्वतः उभे राहावे.

येत्या अमावास्येच्या उधाणाला आपण आमच्या बांधावर यावे, ही विनंती. चप्पल काढून यावे लागेल. भगदाडाच्या पलीकडे अजून शाबूत असलेल्या भागात तीन नवी बिळे आहेत. ती मी दाखवीन. दोनमधून पाणी नितळ येते. तिसऱ्यातून परवापासून गढूळ येऊ लागले आहे.

आपली,
बार्देशातील एक खाजन शेतकरी