कागद नव्हता, तिकीट होते

कोलोन, जर्मनी,
८ फेब्रुवारी २०२६

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे आणि जेवण वेळेवर होते, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही. कागदी पासाशिवाय विमानात कसा बसलास, या परवा फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला मात्र घाईत नीट उत्तर देता आले नाही.

इटलीला जाताना माझ्या हातात कागदी बोर्डिंग पास नव्हता हे खरे, पण म्हणून मी विनातिकीट गेलो असे नाही. इकडे बहुतेक लोक पास फोनमध्येच ठेवतात, आणि रायनएअर या विमान कंपनीने तर १२ नोव्हेंबर २०२५ पासून, एखाद-दुसरा अपवाद सोडल्यास, घरी छापून आणलेला पास घेणेच बंद केले आहे. ऑनलाइन चेक-इन केले की त्यांच्या ॲपमध्ये ठिपक्यांची एक चौकोनी नक्षी येते. नाव, आरक्षणाचा क्रमांक, विमान, तारीख, आसन आणि आपण कितवे चेक-इन केले तो अनुक्रमांक असे सगळे त्या नक्षीत भरलेले असते. बाबा, तुम्ही कंडक्टरच्या वे-बिलावर, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यावर, तिकिटांचे नंबर मांडून हिशेब जुळवत होता, तोच हिशेब इथे गेटवरचे यंत्र करते. एकाच पासवर दुसरा माणूस आला तर ते लगेच अडवते. कागदावरच्या पट्ट्यांतही हीच माहिती असते, तेव्हा कागद गेला म्हणजे तिकीट गेले असे कृपा करून समजू नये.

आता फोनची बॅटरी संपली तर काय, ते. चेक-इन आधी झालेले असेल, तर फोन बंद पडला किंवा हरवला तरी विमानतळावर कागदी पास फुकट मिळतो. चेक-इनच राहून गेले तर मात्र ५५ युरो मोजावे लागतात, आणि ते मी कधीही विसरत नाही. खरे सांगायचे तर गेटवर पोहोचलो तेव्हा माझ्या फोनमध्ये सहा टक्के बॅटरी उरली होती. उजेड पूर्ण वाढवून, पडदा विझू नये म्हणून मी रांगभर त्यावर अंगठा फिरवत उभा होतो. शेवटी फोन यंत्राच्या काचेवर पालथा घालायचा असतो, त्यामुळे नेमक्या त्या क्षणी पडदा चालू आहे की विझला हे आपल्याला दिसतच नाही. हिरवा दिवा लागला तेव्हा सुटलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पासपोर्टच्या झेरॉक्सचे फोल्डर पिशवीत होतेच. कोणी मागितले नाही, एवढेच.

आईने पासचा तुकडा मागितला होता. पहिल्या प्रवासाचा तिने पंचांगात ठेवला आहे हे मला ठाऊक आहे, पण या वेळी पाठवण्यासारखे काही हाती राहिले नाही.

नलूच्या साखरपुड्याला न येता त्याच आठवड्यात इटलीला कसा गेलो, असे काकांनी विचारल्याचे कळले. ते तिकीट जाऊन-येऊन चाळीस युरोंचे होते, मुंबईचे सातशेच्या वर जात होते आणि रजा दोनच दिवसांची होती. मित्रांनी महिनाभर आधी ठरवलेले मोडणे मला जमले नाही. हॉलच्या अनामतीसाठी सोमवारी सत्तर हजार पाठवले आहेत, सोसायटीचा हप्ताही त्यातूनच भरावा. माझ्यासाठी आलेल्या सांगलीच्या स्थळाची माहिती वाचली. त्याबद्दल नलूचे लग्न पार पडल्यावर समोरासमोर बोलू, तोपर्यंत त्यांना शब्द देऊ नका. मुहूर्त अधिक महिन्याच्या आधीचा धरलात ते बरे झाले. मेमधले तिकीट मी काढले आहे. त्या वेळी बॅगा द्यायला काउंटरवर जावेच लागेल, तेव्हा आईसाठी छापील पास मागून घेईन.

नलूला सांगा, साखरपुड्याचे फोटो मी सगळे पाहिले.

तुमचा,
सचिन